कच्चा रस्ता विचारणारी मुलं

आपल्या बडोद्याच्या जुन्या आठवणी इथे सगळेच लिहितात. राजवाडा, सुरसागर, दांडिया बाजारातले गणपती, सगळं येऊन गेलं. आज मी शहराबाहेरचं थोडं लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या, बँकेत असताना टिपण दोन ओळींचं लिहायची सक्ती होती, ती भरपाई आता चालली आहे.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. एका लग्नाला जाताना वाघोडियाच्या चोकडीवर चहाला थांबलो होतो. तेवढ्यात सात-आठ मोटरसायकली आल्या. अंगात जाड जाकिटं, गुडघ्याला ढाली, पायात लढाईला निघाल्यासारखे बूट. त्यातल्या एकाने हेल्मेट काढलं आणि मला विचारलं, "अंकल, यहाँ से कच्चा रास्ता किधर से जाता है? डांबर नहीं चाहिए."

मला हसू आवरेना. 1981 साली याच चोकडीवर, याच दिशेला तोंड करून, मी अगदी उलटा प्रश्न विचारला होता. "भाई, पक्का रस्ता कुठपर्यंत आहे?" तेव्हा चहावाल्याने हात समोर केला आणि म्हणाला होता, "साहेब, आ ज छे." म्हणजे आपण उभे आहोत तोच.

मुलांच्या गाड्या निरखून पाहिल्या. दोन-तीन रॉयल एनफील्डच्या हिमालयन होत्या, बाकी हिरोच्या एक्सपल्स. हिमालयन आपल्याकडे 2016 साली आली आणि एक्सपल्स 2019 साली. दोन्हींचं पुढचं चाक 21 इंची, आणि इंजिनाच्या पोटापासून जमिनीपर्यंत 220 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर जागा. या जातीला ड्युअल स्पोर्ट किंवा अ‍ॅडव्हेंचर म्हणतात, असं त्यांनी मला समजावलं. एकच गाडी, डांबरावरही चालणारी आणि मातीतही. युरोपात या प्रकाराला जोर आला तो साधारण 1980 च्या सुमारास. पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारपर्यंत वाळवंटातून जाणारी पहिली शर्यत 1978 च्या डिसेंबरात निघाली आणि 1980 मध्ये बीएमडब्ल्यूने जी/एस नावाची गाडी काढली. त्या दोन अक्षरांचा जर्मन अर्थच 'रान आणि रस्ता'.

मी मनात हिशेब केला. म्हणजे तिकडे साहेब लोक हौसेने रानात गाडी घालायला लागले, त्याच सुमाराला मी वाघोडिया तालुक्यात पगारासाठी तेच करत होतो. फक्त माझी राजदूत होती.

आता थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तरुण मंडळींना हे ठाऊक नसतं. वाघोडिया बडोद्यापासून पूर्वेला जेमतेम वीस किलोमीटर. आपल्या घराघरांत ज्या आजव्याचं पाणी आलं तो तलाव याच तालुक्यात. गायकवाडी राज्याने खेड्यांकडे लक्ष दिलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. खंडेराव महाराजांच्या काळात, 1862 साली, डभोई ते मियागाम रूळ पडले आणि सुरुवातीला त्यावरचे डबे चक्क बैल ओढत. सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि 1910 नंतर फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. पण रूळ संपले की पेटी बैलगाडीत चढायची. शेवटचे चार-पाच कोस चाकोरीचेच. माझ्या काळापर्यंतही ते तसेच राहिले होते.

1969 च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, 1980 च्या एप्रिलमध्ये आणखी सहांचं. त्याच वर्षी ठरलं की बँकांच्या कर्जापैकी 40 टक्के शेती, लहान उद्योग अशा अग्रक्रमाच्या क्षेत्राला 1985 पर्यंत गेलं पाहिजे. 2 ऑक्टोबर 1980 पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या गटांत लागू झाला. लहान शेतकऱ्याला पाव, सीमांत शेतकऱ्याला आणि शेतमजुराला एक तृतीयांश, आदिवासीला निम्मं अनुदान, उरलेलं बँकेचं कर्ज. कागदावर छान. पण म्हैस खरंच घेतली का, विहीर खरंच खोदली का, हे बघायला कुणीतरी जायला हवं ना! शेतकी पदवीधर अधिकारी आमच्या शाखेत नव्हता. मी सयाजीराव विद्यापीठाचा बी.कॉम. डेबिट-क्रेडिट पाठ, पण कपाशी आणि तुरीतला फरक फुलं आल्यावर कळायचा. तरी वय तिशीचं आणि स्वतःची फटफटी, म्हणून नेमणूक माझी.

राजदूत म्हणजे एस्कॉर्ट्स कंपनीची, मूळ पोलंडच्या आराखड्यावरची 173 सीसीची टू-स्ट्रोक गाडी. तीन गिअर, सहा व्होल्टचा दिवा. गाडीचा वेग कमी झाला की दिवाही मिणमिणायचा, म्हणजे रस्ता जितका वाईट तितका उजेड कमी. पेट्रोलमध्ये ऑइल मापाने मिसळायचं, जास्त झालं की प्लग काळा. खिशात रुमाल नसला तरी चालेल, जादा प्लग आणि पॉलिश पेपर हवाच. डिकीत पंक्चरचं सामान, हातपंप आणि चेनची कडी. सगळे ग्रामसेवक, दूधवाले, जनावरांचे डॉक्टर हीच गाडी वापरायचे, कारण ती कुठेही बंद पडली तरी गावातला कुणीही ती दुरुस्त करू शकत असे.

मला ती मातीत चालवायला शिकवली एका दूधवाल्याने. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून तो असा जायचा की दूध हिंदकळायचं नाही. त्याचे धडे चार. चाकाकडे बघू नको, वीस पावलं पुढे बघ. चिखलात पुढचा ब्रेक विसर. दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर ठेव, मध्येच सोडलास की पडलास. आणि खड्डे आले की बसू नको, पायांवर उभा राहा, गुडघ्यांनी टाकी धर, गाडीला तुझ्याखाली हलू दे. आमचे पणजोबा पागेत कारकून होते. घोड्यावर कधी बसले की नाही कोण जाणे, पण रिकिबीत उभं राहणं मी असं राजदूतवर शिकलो. परवा त्या मुलांनी सांगितलं की आता हेच शिकवायला पैसे घेऊन वर्ग भरतात!

खरी परीक्षा काळ्या मातीची. पहिल्या पावसानंतर ती टायरला चिकटते, टायर फिरून ती मडगार्डमध्ये भरते आणि पन्नास पावलांत चाक जाम. उतरायचं, काटकीने किंवा कुणाकडून खुरपं मागून माती उकरायची, पुन्हा पन्नास पावलं. गावातल्या पोरांनी यावर उपाय काढला होता, पावसाळ्यात पुढचं मडगार्डच काढून ठेवायचे. या नव्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड चाकापासून हातभर वर का असतं, ते मला बघताक्षणी समजलं. देव नदीच्या बाजूला ओढे-कोतरं आडवी येत. आधी काठी घेऊन पायी पाणी बघायचं, मग गाडी. इंजिनात पाणी गेलं तर प्लग काढून किका मारून बाहेर काढायचं. संध्याकाळी घरी आलो की सौ. अंगणातच बादली आणि पंचा ठेवून दार लावून घ्यायची.

इथपर्यंत सगळं गमतीचं. पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. चाळीस वर्षांत घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

1983 चा जून. नदीपलीकडच्या एका वस्तीवरच्या आदिवासी शेतकऱ्याला विहिरीसाठी कर्ज मंजूर होतं. पहिला हप्ता खोदाईचा, दुसरा विटांच्या बांधकामाचा. खोदाई पाहून मी अहवाल दिला की दुसरा हप्ता सुटणार. तो मेअखेर दोनदा शाखेत येऊन गेला. "साहेब, पावसाआधी बांधून घ्यायची आहे, एकदा या." मी येतो म्हटलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालो, तर आदल्या रात्री वळवाची सर पडून गेलेली. दोन वेळा चाक जाम झालं. तिसऱ्यांदा गाडी आडवी पडली, नडगी सोलली. वस्ती जेमतेम दीड मैल राहिली होती, झाडं दिसत होती. मी गाडी वळवली.

तेवढंच केलं असतं तरी चाललं असतं. पण तिमाही अखेर, तपासण्यांचा आकडा भरायचा होता. टेबलाशी बसून मी लिहिलं, "स्थळ पाहणी केली. खोदाई अपूर्ण. दुसरा हप्ता तूर्त देऊ नये." अपूर्ण का लिहिलं? कारण पूर्ण लिहून पैसे सोडले आणि खोटं निघालं तर मी अडकलो असतो. अपूर्ण लिहिण्यात मला धोका नव्हता.

पावसाळा उलटल्यावर ऑक्टोबरात गेलो. विहीर पूर्ण खोदलेली होती. बांधकाम नसल्याने पावसात तीन बाजू ढासळून आत बसल्या होत्या. तो माणूस काठावर उभा होता. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, तमे आव्या होत तो नजरे जोत." तुम्ही आला असतात तर डोळ्यांनी पाहिलं असतंत. मग बायकोला चहा ठेवायला सांगितला. तो चहा मी कसा प्यालो ते मला माहीत.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांपुढे लेखी कबूल केलं की पाहणी झाली नव्हती. ताकीद मिळाली, ती योग्यच होती. दुसरा हप्ता सुटला, मुदत वाढली. पण ढासळलेली माती उपसायचा खर्च कुठल्याच योजनेत बसेना. तो त्याने एक बैल विकून केला. कर्ज मात्र पूर्ण फेडलं. त्यानंतर मी एक नियम केला. माझ्या टायरला त्या गावची माती लागल्याशिवाय सही नाही. निवृत्तीपर्यंत पाळला. पण नियम माझा झाला, बैल त्याचा गेला.

आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली नव्हती. माझ्याकडे निदान फटफटी होती, आणि चिखल नको असेल तर परत फिरायची सोय होती. त्याच वाटेने आरोग्य केंद्राच्या नर्सबाई चालत जायच्या, हातात चपला घेऊन. आणि वस्तीतल्या लोकांना तर परत फिरायला दुसरी जागाच नव्हती.

पुढे काळ बदलला. लिमड्याला टायरचा कारखाना आला, विद्यापीठ आलं, गोरजच्या आश्रमाचं रुग्णालय उभं राहिलं. 2000 सालच्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि देशभर लहान गावांना डांबर भेटू लागलं. आता त्या वस्तीपर्यंत मोटार जाते.

म्हणून त्या मुलांना मी काय सांगितलं? हौसेला नावं ठेवली नाहीत. उलट मलाही पाठीमागे बसावंसं वाटलं. डांबर सोडून कुठे वळायचं ते सांगितलं आणि तीन गोष्टी जोडल्या. पेरलेल्या शेतात आणि बांधावर चाक घालू नका, तो कुणाचा तरी वर्षाचा हिशेब असतो. पुढे जांबुघोड्याकडे जाल तर ते 1990 पासून अभयारण्य आहे, तिथे वाट सोडू नका. आणि कच्ची वाट जिथे संपते तिथे घर असतं, तिथे गाडी बंद करून पाणी मागा, दोन शब्द बोला.

त्यातला एक पोरगा गप्प ऐकत होता. निघताना शुद्ध मराठीत म्हणाला, "काका, आम्ही वाडीतले. माझे आजोबा इकडेच सर्कल इन्स्पेक्टर होते, सायकलवर फिरायचे." मी त्याला म्हटलं, त्यांच्याकडून ऐकलेलं सगळं लिहून काढ.

तेच आपणा सर्वांना सांगतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत तलाठी, मास्तर, पोस्टमन, वीज मंडळातले, आरोग्य खात्यातले कुणीतरी या वाटांनी गेलेले आहेत. कौतुकाच्या आठवणी लिहाच, पण जिथून गाडी वळवली त्याही लिहा.