आपल्या मागची खाण

चिटणीसांनी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला, म्हणून इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढून बसलो. पंचवीस वर्षांत लिफ्ट आणि पार्किंगच्या खालोखाल ठराव झालेत ते ‘मागील खड्डा’ या विषयावर! नव्या सभासदांना तो खड्डाच वाटतो. पण मंडळी, ती दगडाची खाण आहे आणि आपल्या सोसायटीपेक्षा बरीच जुनी आहे. तेव्हा तिचाच इतिहास लिहितो.

मुंबईचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. काही ठिकाणी दगड पिवळसरही निघतो. शहर मोठं होत गेलं तसा हा दगड उपनगरांतून खणून नेला गेला. १८७८ साली पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरला कुर्ल्याचा पिवळसर दगड आहे, तर १९२४ च्या गेटवेला खरोडीचा. आपल्या कांदिवली पूर्वेच्या पडण टेकडीची दगड-माती बॅकबेच्या भरणीसाठी रेल्वेने चर्चगेटकडे गेली. मरीन ड्राइव्हला फिरायला जाता ना? तिथल्या समुद्रातल्या भरावात आपल्याकडची टेकडीही आहे.

आपली खाण एवढी नामांकित नव्हे. ही खडीची. रस्ते आणि स्लॅब यांच्यासाठी. वडार समाजाची कुटुंबं इथे झोपड्या बांधून राहायची, असं जुने गावकरी सांगतात. पुरुष पहार-घण चालवायचे, बायका हातोडीने खडी फोडायच्या, पोरं तिथेच धुळीत खेळायची. पुढे सुरुंग आले, क्रशर आला. शिट्टी वाजली, लाल निशाण हललं की रस्ता बंद. मग एक दिवस काम थांबलं आणि सगळे दुसऱ्या खाणीवर निघून गेले. ज्यांनी खोदली त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत.

खाण बुजवायची तसदी कोणी घेतली नाही. पुढचं काम निसर्गाने केलं, पण माणूस जो आकार सोडून गेला त्यातच. मी निवृत्तीनंतर रोज सकाळी गच्चीवरून बघत आलोय, त्यावरून लिहितो. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

सरळ कापलेल्या कड्यावर माती टिकत नाही. तिथे आधी शेवाळ आणि दगडफूल येतं, त्यांच्या कुजण्यातून भेगांत चिमूटभर माती साठते आणि त्यात पाखरांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं, उंबराचं बी धरतं. दिवसभर ऊन लागतं ती बाजू अजूनही जवळजवळ बोडकी आहे. समोरच्या सावलीच्या बाजूला दोन थरांमधून पाणी पाझरतं, तिथे पावसाळ्यात नेच्यांची झालर लागते. एकच खाण, एकच दगड, पण सुरुंगाने कडा कुठल्या दिशेला फुटला यावर तिथे काय जगणार ते ठरलं! क्रशरच्या बारीक चुरीचे ढिगारे होते, त्यांत पाणी थांबत नाही आणि कसही नसतो. अशा जागी सुबाभूळ जोमाने येते, कारण मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तिला हवेतला नत्र पुरवतात. घाणेरीही आली. दोघीही मूळच्या अमेरिकेकडच्या, माणसाने इकडे आणलेल्या. मुरमाच्या उभ्या दरडीत खंड्याने बीळ केलं. कड्याच्या कपारीत पाकोळ्या घरटी करतात. एकदा शृंगी घुबडही बसलेलं पाहिलं, पण घरी कोणी विश्वास ठेवला नाही.

आता आपला भाग. खाणीच्या पाण्यात डास झाले, तक्रारी आल्या, म्हणून २००३ साली आपण गप्पी मासे सोडले. डास कमी झाले. गप्पीही बाहेरचेच, पण त्यांच्यामागे पाणकावळा आला, बगळे आले. मग कोणी तरी चिलापी सोडली. गणपती विसर्जन सुरू झालं, त्यातलं प्लॅस्टर वर्षानुवर्षं तळाशी आहे. सी विंगच्या सांडपाण्याची पाइप फुटून दोन वर्षं गळत होती, त्या काळात जलपर्णीने पाणी झाकून टाकलं. पाइप दुरुस्त झाली आणि ती हळूहळू ओसरली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आजूबाजूच्या इमारतींत तळमजल्यावर पाणी शिरलं. आपल्याकडे नाही. टेकडीवरून येणारा लोंढा खाणीत उतरत होता. रात्रभर आम्ही बॅटऱ्या घेऊन काठावर उभे होतो. काठ बुडायला दोन हात राहिले असतील, तेवढ्यात पाऊस ओसरला. नंतर भेगांवाटे पाणी हळूहळू जिरलं.

त्यानंतर चारच वर्षांत आपण अर्धी खाण बुजवली, यावर नव्या माणसाचा विश्वास बसणार नाही. पण कारण खोटं नव्हतं. बी विंगचा एक सात वर्षांचा मुलगा चेंडूमागे जाऊन पाण्यात पडला होता. वॉचमनने उडी टाकली म्हणून वाचला. त्याच्या आईचं त्या सभेतलं रडणं मला अजून आठवतं. कुंपणाला खर्च येणार होता, तर एक ठेकेदार फुकटात राडारोडा टाकायला तयार होता. वर पार्किंगही मिळणार. हिशोब बरोबर जमला. मुरमाची दरड त्या भरणीखाली गेली, खंड्या दिसेनासा झाला. तीन पावसाळ्यांनी ए विंगच्या मीटररूममध्ये पहिल्यांदा पाणी आलं. आता जवळपास दरवर्षी येतं. पंपाच्या खर्चाचे आकडे ताळेबंदात आहेत, कोणीही पाहावेत. कुंपण मात्र उरलेल्या काठाला शेवटी बांधावंच लागलं.

येत्या वार्षिक सभेत उरलेला भाग भरून पुनर्विकासात घेण्याचा विषय आहे. २००९ च्या ठरावाला अनुमोदक म्हणून माझं नाव आहे. ती वही मी कार्यालयात परत ठेवली आहे, पानाला खूण घालून.