मध्यस्थ परिणामाचे मापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

एका चलाचा परिणाम तिसऱ्या चलामार्फत दुसऱ्यापर्यंत पोहोचत असेल, तर त्या तिसऱ्यास मध्यस्थ चल म्हणतात. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांच्या मार्ग विश्लेषणात (१९२१) मार्गगुणकांच्या गुणाकारातून हा अप्रत्यक्ष परिणाम काढता येत होता. तथापि १९८६ मध्ये रूबेन बॅरन व डेव्हिड केनी यांनी रूढ केलेल्या पद्धतीचा भर मध्यस्थी आहे की नाही यावरच राहिला. ती किती, हा प्रश्न मागे पडला.

अप्रत्यक्ष परिणामाचे एकूण परिणामाशी गुणोत्तर हे उत्तर सोपे खरे, पण फसवे. अप्रत्यक्ष परिणाम ०.३० आणि प्रत्यक्ष परिणाम उणे ०.१० असल्यास एकूण ०.२० उरतो व मध्यस्थी १५० टक्के ठरते! शिवाय स्थिर गुणोत्तरासाठी सुमारे ५०० जणांचा नमुना लागतो, असे डेव्हिड मॅकिनन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखविले. शे-दीडशेच्या नमुन्यावर बेतलेल्या प्रबंधांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

२०११ मध्ये क्रिस्टोफर प्रीचर व केन केली यांनी ‘कप्पा-वर्ग’ सुचविला : मिळालेला अप्रत्यक्ष परिणाम भागिले शक्य असलेला कमाल अप्रत्यक्ष परिणाम. २०१५ मध्ये झोंगलिन वेन व शिताओ फॅन यांनी त्याच्या गणितातील दोष उघड केला. परिणाम वाढला तरी हे माप वाढेलच असे नाही. २०१८ मध्ये प्रीचर व केली यांनीच एका सहलेखकासह, अवलंबी चलातील प्रचरणाचा किती भाग मध्यस्थामार्फत स्पष्ट होतो यावर आधारलेले नवे माप मांडले.