मलबार उडता बेडूक
रॅकोफोरिडी कुलातील हिरवागार वृक्षबेडूक (रॅकोफोरस मलबारिकस). केवळ पश्चिम घाटात आढळतो. थॉमस जर्डन यांनी १८७० मध्ये त्याचे वर्णन केले. मादी नराहून मोठी असते. बोटांमधले नारिंगी-तांबडे पडदे ताणून तो उंच फांदीवरून तरंगत खाली उतरतो. पंख मारून उडणे हे नव्हे.

पावसाळ्यात आंबोलीत याची वीण आवर्जून पाहावी. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर स्राव पायांनी घुसळून फेसाचे घरटे होते, त्यातच अंडी घातली जातात. फेसाचा बाहेरचा थर सुकतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी बेडूकमासे टपटप खालच्या पाण्यात पडतात. त्यामुळे डबके बुजवले किंवा त्यावरची फांदी छाटली, तरी तिथली वीण वाया जाते.