विंडोजच्या आकड्याची थाप

जुन्या संगणकावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे हे बघायचं, तर आकडा वाचला की झालं, असं वाटतं. पण या आकड्याला थापा मारायची खोड आहे, आणि ती आली डॉसच्या घराण्यातून.

१९९१ साली एमएस-डॉस ५ सोबत सेटव्हर नावाची आज्ञा आली. एखादा जुना प्रोग्राम डॉसला आवृत्ती विचारू लागला, की त्याला झेपेल तो आकडा सांगायचा, एवढंच तिचं काम. कुणाला कोणती थाप मारायची, याची यादीही तयार असे.

मग आलं विंडोज ९५. त्याचा खरा आकडा ४.०. पण जुन्या १६-बिट प्रोग्रामांना ते स्वतःला ३.९५ म्हणवून घेई! कारण मजेशीर आहे. विंडोज ३.१ (आतून ३.१०) हवं असेल, तर बरेच प्रोग्रामर दशांशचिन्हाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासत: आधीचा आकडा ३ किंवा जास्त, आणि नंतरचा १० किंवा जास्त. या हिशेबात ४.० नापास, कारण शून्य दहापेक्षा लहान. ३.९५ मात्र झकास पास.

हीच चूक पुढच्या पिढीत पुन्हा उगवली. एक्सपीचा आकडा ५.१, व्हिस्टाचा ६.०, तिथेही शून्याने घात केला. म्हणून विंडोज ७ आतून ७ नाहीच, ६.१ आहे. आणि ८.१ तर, प्रोग्रामने आपल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीपत्रकात, ८.१ची ओळख दाखवली नसेल, तर सरळ ६.२ सांगून मोकळं होतं.

आता वादाचा मुद्दा: विंडोज ९ कुठे गेलं? ३० सप्टेंबर २०१४ रोजी एकदम विंडोज १० जाहीर झालं. सगळ्या उपकरणांसाठी एकच विंडोज, म्हणून नावातही मोठी उडी, असं कंपनीकडून सांगितलं गेलं. दुसरी कथा अशी, की ‘विंडोज ९’ने सुरू होणारं नाव दिसलं की ते ९५ किंवा ९८ समजणारे प्रोग्राम होते, त्यांच्या धास्तीने ९ गाळला. तशी तपासणी जावातल्या काही प्रोग्रामांत खरोखर सापडली. तरी ही कथा लंगडते. बहुतेक प्रोग्राम नाव विचारतच नाहीत, आकडा विचारतात, आणि आकड्यात ९ यायचं कारणच नव्हतं. सेटव्हरचा वंश बघता आपला कल मात्र या लंगड्या कथेकडेच: ज्या घरात शून्याला इतकं जपलं, तिथे नवाला घाबरले असतील तर नवल काय?

आकड्याहून प्रामाणिक साक्षीदार म्हणजे एक अक्षर. विंडोज ९५ मध्ये ‘माय कॉम्प्युटर’वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या आणि ‘४.००.९५० बी’ दिसलं, तर ती १९९६ची दुसरी ओईएम आवृत्ती, म्हणजे संगणक बनवणाऱ्यांसाठीची. ती दुकानात सुटी विकायला नव्हतीच; नव्या संगणकासोबत किंवा त्याच्या भागांसोबतच मिळे. म्हणजे एका अक्षरात आवृत्तीही कळते आणि ती घरात कुठल्या वाटेने आली तेही. (कुणी सीडीची नक्कल आणून टाकली असेल, तर गोष्ट वेगळी.) खाली प्रॉडक्ट आयडीत ‘ओईएम’ ही तीन अक्षरं असली, की साक्ष आणखी पक्की. एक्सपीनंतरही ही खूण चालते.

आकड्याची थाप आजही संपलेली नाही. विंडोज ११ मध्ये आवृत्ती दाखवणारी विनव्हर ही आज्ञा चालवून बघा. खिडकीत नाव ११चं असतं, पण आतला आकडा अजून १०.०च आहे. ११ ओळखायचं तर बिल्ड क्रमांक बघावा लागतो: २२००० किंवा त्याहून मोठा.