टोकियोची उद्याननगरी

टोकियो शहराच्या नैर्ऋत्येस, तामा नदीच्या उंच कांठावर, देन्-एन्-चोफू नांवाची एक वसाहत आहे. शिबुयाच्या गजबजलेल्या स्थानकावरून विजेच्या आगगाडीनें पाव तासाच्या आंत तेथें पोंचतां येतें. गाडीचे रूळ आतां जमिनीखालून जातात. जिना चढून पश्चिमेच्या बाजूस आलें कीं प्रथम एक लहानशी, मोठ्या उतरत्या छपराची, युरोपांतील एखाद्या जुन्या गांवांत शोभावी अशी इमारत दृष्टीस पडते. हें मूळचें स्थानक. तें १९२३ सालीं बांधलें. रूळ भुयारांत नेण्याचें काम निघालें तेव्हां १९९० सालीं तें उतरविण्यांत आलें. आणि २००० सालीं जवळजवळ त्याच जागीं पुन्हां उभें करण्यांत आलें. आतां गाड्या तेथें थांबत नाहींत. ज्या इमारतीचा उपयोग संपला तीही पुन्हां उभारावी असें तेथील लोकांना कां वाटलें, हें समजण्यासाठीं त्या वसाहतीच्या जन्मकथेकडे वळावें लागतें.

परंतु त्याआधीं थोडें हिंडून पाहणें बरें. जुन्या स्थानकासमोरून रस्ते पंख्याच्या काड्यांप्रमाणें पश्चिमेकडे पसरत जातात, आणि एकाबाहेर एक अशा अर्धवर्तुळाकार रस्त्यांनीं ते जोडलेले आहेत. कडेला गिंको नांवाचे उंच वृक्ष आहेत. त्यांचें पानही लहानशा पंख्यासारखेंच असतें आणि शरदाच्या अखेरीस तें हळदीसारखें पिवळें होतें. वळणाच्या रस्त्यावर पुढचें टोंक दिसत नाहीं, त्यामुळें थोडक्या अंतराची चालही लांबची रपेट वाटते. घरें रस्त्यापासून मागें सरलेलीं. पुढें दगडी भिंतीऐवजीं बहुधा झाडांचें कुंपण. या बाजूस दुकान असें सहसा आढळत नाहीं. आंत होराई नांवाच्या उद्यानांत जुन्या रानाचा एक तुकडा मुद्दाम राखून ठेवलेला आहे. रुळांच्या पूर्वेस मात्र दुकानांची वर्दळ आहे व घरेंही दाटीनें उभीं आहेत. एकाच स्थानकाच्या दोन बाजूंस असें अंतर पडावें, हें कांहीं आपोआप घडलेलें नाहीं.

त्याचें मूळ इंग्लंडांत आहे. १८९८ सालीं एबेनेझर हॉवर्ड या लंडनमधील लघुलेखकानें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. शहरांतील कोंदट चाळी व खेड्यांतील बेकारी या दोहोंवर त्यानें एकच उपाय सुचविला : शेतांनीं वेढलेलीं, ठराविक लोकसंख्येचीं, स्वतःचे कारखाने असलेलीं नवीं गांवें. जमीन कोणा एकाच्या मालकीची असावयाची नाहीं, ती साऱ्या गांवाच्या विश्वस्तांकडे राहावयाची. वस्ती वाढून जमिनीचें मोल चढलें कीं तो लाभ भाड्याच्या रूपानें गांवाच्याच तिजोरींत जावयाचा. १९०३ सालीं लेचवर्थ येथें या कल्पनेला मूर्त रूप येऊं लागलें. जपानच्या गृहखात्यांतील अधिकाऱ्यांनीं १९०७ सालींच या विषयावर एक ग्रंथ काढला, आणि ‘देन्-एन् तोशी’, म्हणजे शेतमळ्यांचें नगर, हा शब्द जपानी भाषेंत रुळला.

ही कल्पना हातीं घेतली ती शिबुसावा एइची या पुरुषानें. १८४० सालीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेला हा माणूस १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनास जाऊन आला आणि पुढें जपानची पहिली आधुनिक पेढी उभारून सुमारें ५०० उद्योगांशीं संबंधित झाला. २०२४ सालापासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्याचेंच चित्र आहे. मुंबईकरांना तो अगदींच परका वाटूं नये. १८९३ सालीं जमशेटजी टाटा जपानांत गेले असतां त्यांची व शिबुसावाची भेट झाली, आणि त्याच वर्षीं कोबे व मुंबई यांच्यामध्यें जपानी आगबोटींची फेरी सुरू होऊन कापसाच्या गांठींच्या वाहतुकींतील इंग्रज कंपनीच्या मक्तेदारीला शह बसला. धंद्यांतून निवृत्त झाल्यावर या वृद्धानें १९१८ सालीं ‘देन्-एन् तोशी’ याच नांवाची कंपनी काढविली.

प्रत्यक्ष आखणीचा भार त्याचा मुलगा हिदेओ याजकडे आला. युरोप व अमेरिका येथील अशा वसाहती तो पाहून आला. त्यांत सॅन फ्रान्सिस्कोजवळचें सेंट फ्रान्सिस वुड त्याला विशेष आवडलें. तेथील वळणावळणाच्या रस्त्यांचा ठसा घेऊन त्यानें याबे किंतारो या स्थापत्यविशारदाकडून हा पंखा रेखाटून घेतला. नगराची आखणी झाली, तरी तेथें माणसें येणार कशीं? ओसाका शहराच्या बाजूस कोबायाशी इचिझो यानें आधीं रेल्वे व मग तिच्या कडेनें घरें, असा व्यवहार यशस्वी करून दाखविला होता. त्याचा सल्ला घेण्यांत आला. आणि त्यानेंच रेल्वे खात्यांत पूर्वीं नोकरी केलेल्या गोतो केइता या करारी गृहस्थाचें नांव सुचविलें. १९२३ च्या मार्च महिन्यांत मेगुरोहून पहिली गाडी आली. त्या वेळीं स्थानकाचें नांव नुसतें चोफू असें होतें. ‘देन्-एन्’ हा शब्द त्याला १९२६ सालीं जोडला गेला.

भूखंडांची विक्री सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तोंच १ सप्टेंबर १९२३ चा दिवस उजाडला. दुपारीं बाराला दोन मिनिटें असतां पृथ्वी हादरली. घरोघर चुली पेटलेल्या होत्या. लांकडी घरांच्या गर्दींत आगी भडकल्या आणि टोकियो व योकोहामा मिळून सुमारें एक लाख माणसें प्राणांस मुकलीं. कंपनीच्या नव्या वसाहतींतील विरळ घरांना फारशी इजा पोंचली नाहीं, आणि कंपनीनेंही आपल्या जाहिरातींत ही गोष्ट सांगण्याचें सोडलें नाहीं. व्यापारी तो व्यापारीच! तथापि ज्यांचीं घरें जळलीं त्या कुटुंबांना मोकळी जागा व टणक जमीन यांचें मोल वेगळें समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती. जी वसाहत कदाचित् वीस वर्षांत भरली असती ती थोडक्या अवधींत भरूं लागली.

येथें राहावयास येणाऱ्यांस खरेदीच्या वेळींच कांहीं अटी मान्य कराव्या लागत. शेजाऱ्यांस उपद्रव होईल असें बांधकाम करूं नये. कुंपण घातल्यास तें शोभिवंत असावें. इमारत तीन मजल्यांहून उंच नसावी. भूखंडाचा निम्म्याहून अधिक भाग घरानें व्यापूं नये. घर रस्त्यापासून मागें असावें. हा सरकारी कायदा नव्हता, सौद्यांतील शब्द होता. आणि तो पाळला जावा म्हणून १९२६ सालीं रहिवाशांनीं आपलें मंडळ स्थापन केलें. त्या यादींत आणखी एक कलम होतें. घराच्या बांधकामाचा खर्च ठराविक दरापेक्षां कमी असूं नये. वरकरणीं तें सौंदर्यासाठीं होतें. परंतु मजुराच्या तोंडावर फाटक लावून घेण्याचें काम त्यानें चोख बजावलें.

हॉवर्डची कल्पना येथें कशी पालटली तें या ठिकाणीं उघड होतें. कंपनीनें त्याविषयीं लपवाछपवी केली नाहीं. तिच्या माहितीपत्रकांत स्पष्टच म्हटलेलें होतें कीं, इंग्लंडमधील अशीं नगरें जवळच्या कारखान्यांतील कामगारांसाठीं आहेत. येथील वसाहत टोकियो नांवाच्या प्रचंड कारखान्यांत रोज कामास जाणाऱ्या सुशिक्षित वर्गासाठीं आहे. कारखाने गेले, कामगार गेले, आणि त्यांच्याबरोबर सर्वांत महत्त्वाची गोष्टही गळाली : जमिनीची सामाईक मालकी. भूखंड विकले गेले. झाडें, वळणें व कुंपणें इंग्लंड-अमेरिकेहून सुखरूप आलीं. हिशेबाची वही मात्र तिकडेच राहिली. १९२८ सालीं ही कंपनी रेल्वे कंपनींत विलीन झाली, यांतही नवल नव्हतें.

त्या वेळीं ही गोष्ट कोणास खटकली नसावी. नोकरदार, प्राध्यापक, सैन्यांतील अधिकारी अशीं कुटुंबें तेथें नांदूं लागलीं. १९३२ सालीं हा भाग टोकियो शहरांत आला. महायुद्धानंतर शहर वाढत गेलें, आणि मध्यमवर्गासाठीं काढलेल्या या वसाहतीचें नांव हळूहळू श्रीमंतीचा पर्याय होऊन बसलें. १९८० नंतरच्या दशकांत टोकियोच्या जमिनीचे भाव आकाशाला भिडले, तेव्हां आजोबांनीं पगारांतून घेतलेली जागा नातवांच्या हातीं आली ती अवाढव्य संपत्ति म्हणून.

जपानांत वारसा-कर १९०५ सालापासून आहे. २०१५ सालापासून त्याचा सर्वांत वरचा दर शेंकडा ५५ आहे, आणि मृत्यूनंतर दहा महिन्यांच्या आंत तो बहुधा रोकड रकमेनेंच भरावा लागतो. ज्याच्याजवळ जागा आहे पण रोकड नाहीं त्या वारसानें काय करावें? जागेचा तुकडा विकावा, किंवा सारी जागाच विकावी. घेणारा तिचे भाग पाडतो, बाग तोडतो आणि तेथें दोन-तीन घरें उभीं करतो. चोफू हा शब्द पूर्वीं कर म्हणून राजाला द्यावयाच्या कापडाचा वाचक होता. त्या गांवाच्या नशिबीं कराचा विचार जणूं नांवापासूनच आला आहे. भाववाढीचा जो लाभ हॉवर्डला गांवाच्या तिजोरींत जावा असें वाटत होतें, तो येथें काहीं सरकारच्या तिजोरींत आणि काहीं जमिनीच्या व्यापाऱ्याच्या खिशांत जातो. गांवाच्या वांट्याला तोडलेल्या झाडांचे बुंधे येतात.

रहिवासी स्वस्थ बसले आहेत असें नाहीं. १९८२ सालीं त्यांनीं आपल्या वसाहतीची एक सनद तयार केली, आणि १९९१ सालीं जुन्या अटींपैकीं कित्येकांना नगररचनेच्या कायद्याचें बळ मिळालें. तुकडे पाडतांना १६५ चौरस मीटर, म्हणजे ५० त्सुबो, यांहून लहान भूखंड आतां करतां येत नाहीं. या नियमाविषयींही मतभेद आहेत. ज्यांना राहावयाचें आहे त्यांना तो थोडका वाटतो. ज्यांना कर भरावयाचा आहे त्यांना तो जाचक वाटतो. आणि बहुतेक घरांत हीं दोन्ही माणसें एकच असतात.

रस्ते संपून जेथें नदीचा कडा लागतो तेथें दाट झाडींत जुन्या सरदारांच्या समाधींचे टेंकाडासारखे उंचवटे आहेत. त्यांतील कामेनोकोयामा हा शंभर मीटरांहून लांब असून सुमारें सोळाशें वर्षांपूर्वींचा आहे. त्याच्यावर कोणी घर बांधीत नाहीं, आणि त्याचा वारसही कोणी उरलेला नाहीं. तेथून स्थानकाकडे परततांना एखाद्या वळणावर असें दृश्य दिसतें : अर्ध्या भागांत जुनें कुंपण, त्यामागें वाढलेलें झाड व काळपट कौलांचें छप्पर, आणि उरलेल्या अर्ध्या भागांत ताजी माती, दोन खुंट्या व त्यांच्यामध्यें ताणलेली सरळ दोरी.