नाळ कापताना

आजीची पहिली दोन मुलं बाळंतिणीच्या खोलीतच गेली. दोन्ही खेपेला तसंच. चार-पाच दिवस बाळ छान प्यायचं, मग छातीला लावलं तरी तोंड उघडेना. साधं भांडं पडलं तरी अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. ‘सटवाईनं नेलं,’ एवढंच आजी म्हणायची. तिची धाकटी बहीण मात्र न चुकता सांगायची, की सुईण नाळ विळ्यानं कापायची आणि वर शेणाची राख दाबायची.

तो विळा गोठ्यातला. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, ओल्या नाळेतून ते शिरतात. पण त्या सुईणीला मी दोष देणार नाही. अडलेली बाई सोडवण्यात तिचा हातखंडा होता. तिला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

आत्या नर्स होऊन 1980च्या दशकात उपकेंद्रावर गेली, तेव्हा तिनं आधी सुईणींना गोळा केलं. साबणानं धुतलेले हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, आणि नाळेवर काहीही लावायचं नाही. या पाच गोष्टी ती त्यांच्याकडून बोटांवर म्हणवून घ्यायची. पाचव्या बोटाशी सगळ्या अडायच्या. कोवळी नाळ उघडी ठेवायची म्हणजे त्यांना निर्दयपणा वाटायचा. आमच्याच नगर जिल्ह्यात, जामखेडला, 1970च्या दशकापासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करत होते. अक्षरओळख नसलेला माणूस शिकू शकत नाही, हे आत्याला कधीच पटलं नाही.

गरोदर बाईला धनुर्वाताची इंजेक्शनं दिली, की तिचं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं. ही लस गोठली तर वाया जाते. म्हणून पेटीतले बर्फाचे पॅक आत्या आधी बाहेर काढून ठेवायची, हलवून आत पाणी वाजतंय का ते ऐकायची आणि मगच बाटल्या ठेवायची.

1985मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. 2015मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. मला त्यातली अट फार मोलाची वाटते: प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. राज्याची सरासरी पुढे करून मागे पडलेला जिल्हा झाकायची सोयच नव्हती. धोरण आखणाऱ्यांनी इथं आपलं काम खरोखर जाणून केलं.

देवीचा रोग जगातून गेला, तशी तिची लसही थांबली. धनुर्वाताचं तसं होणार नाही, त्याचे जंतू मातीत आहेतच. प्रत्येक गरोदरपणाची नोंद वेळेवर व्हायला हवी आणि इंजेक्शनं मिळायला हवीत. त्यासाठी उपकेंद्रातली नर्सची जागा एक महिनासुद्धा रिकामी राहता कामा नये.