घोरपडे (इचलकरंजीकर) : मूळ पुरुष व आडनाव

इचलकरंजीच्या ब्राह्मण जहागीरदार घराण्याचे आडनाव. मूळ आडनाव जोशी, मूळ गाव सावंतवाडीकडील म्हापण. कबनूर (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर) इचलकरंजीला अगदी लागून असल्याने तेथील वंशशोधकालाही या घराण्याची कथा माहीत असलेली बरी. आडनाव सारखे म्हणून रक्त एक, हा समज तिच्यापुढे टिकत नाही.

मूळ पुरुष नारो महादेव जोशी. लहानपणी वडील गेले. पोरका मुलगा कापशीच्या घोरपड्यांच्या आश्रयाला आला आणि सेनापती संताजी घोरपडे यांच्या पदरी वाढला. १६९७ मध्ये संताजींचा खून झाला, तरी त्याने धन्याच्या कुटुंबाची साथ सोडली नाही. धन्याचे आडनाव त्याने कृतज्ञतेने घेतले, असे परंपरा सांगते. मराठा सरदाराचे आडनाव ब्राह्मण घराण्यात आले ते असे. त्याचा मुलगा व्यंकटराव याला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनुबाई दिली होती. व्यंकटराव १७३९ च्या गोव्याच्या मोहिमेत होता. पतीनंतर अनुबाईंनी अनेक वर्षे जहागिरीचा कारभार हाकला. त्या १७८३ मध्ये वारल्या. घराण्याचा तपशील मिळतो तो मुख्यतः मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘इचलकरंजी संस्थानचा इतिहास’ (१९१३) या ग्रंथामुळे. खऱ्यांसारखा कागद चाळणारा माणूस प्रत्येक घराण्याच्या नशिबी नसतो.

‘घोरपडे’ची व्युत्पत्ती. बहमनी काळात खेळणा (विशाळगड) घेताना घोरपडीला दोर बांधून पूर्वज तट चढला, म्हणून हे नाव पडले, असे मुधोळकर घोरपडे सांगतात. त्यासाठी दाखवल्या जाणाऱ्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हीच घोरपड तानाजीच्या कथेत सिंहगडही चढते.

शोधाची साधने. संस्थानी कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात, पेशवे दफ्तर पुण्यात. गावपातळीवर फेरफार आणि जन्ममृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक. जुन्या नोंदी मोडीत. तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूच्या गावासह त्याच्या पूर्वजांची नावे सापडतात. सीमाभागात आणखी एक साधन आहे, ते म्हणजे हेळवी. काही वर्षांनी एकदा दारी येणारा, पिढ्यांची नावे वहीतून वाचून दाखवणारा, नव्या जन्माची नोंद करून धान्य-दक्षिणा घेणारा हा फिरता दफ्तरदार. शेतकऱ्याच्या घरचा इतिहास सरकारी दप्तराआधी त्याच्या पडशीत पोचलेला असे. न्या. संदीप शिंदे समितीने २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

‘कबनूर’ची व्युत्पत्ती. शेवटचा ‘ऊर’ हा कानडी ‘ऊरु’ म्हणजे गाव, असे मानायला हरकत नाही. कानडीत ‘कब्बु’ म्हणजे ऊस, आणि शिवारातही ऊस. तेवढ्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये. ‘कबनूरकर’ हे आडनाव आढळते. ते बहुधा गाव सोडून गेलेल्यांना परमुलखात पडलेले असावे. गावातल्या माणसाला गावाच्याच नावाने कोणी हाक मारत नाही. तेव्हा अशा घराण्याचा माग काढताना कबनूर कधी सोडले, हा प्रश्न आधी विचारावा.